पन्नाशीनंतरचें बळ आणि त्याचा हिशेब

व्यायामावर भाषण करावयाचें म्हटलें कीं वक्ता एखादा पहिलवान, निदान वैद्य तरी असावा, अशी आपली अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. मी ह्या दोहोंपैकीं कोणीच नाहीं. मॅट्रिक होऊन व शिक्षकाची सनद घेऊन सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं अंकगणित व मराठी शिकविण्यांत ज्याची हयात गेली, असा मी एक निवृत्त शाळामास्तर आहें, व आज माझें वय पासष्ट वर्षांचें आहे. परंतु वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, म्हणजे २०११ सालीं, मीं व्यायामास प्रारंभ केला. सात महिन्यांत त्याचें फळ प्रत्यक्ष पाहिलें. आठव्या महिन्यांत स्वतःच्याच अविचारानें उजवा खांदा दुखावून घेतला. आणि पुढें जवळजवळ एक वर्ष खर्चून तो पुनः कामास लावला. तेव्हांपासून आजपर्यंत जें वाचलें, जाणत्यांना विचारलें व अंगावर सोसलें, तें आपणांपुढें मांडावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

व्यायामाची बुद्धि मला उशिरां कां झाली, तें आधीं सांगतों. माझे वडील शेतकरी होते. ऐन उमेदींत ज्वारीचें भरलेलें पोतें पाठीवर घेऊन ते माळ्यावर चढत. त्यांना सत्तरी उलटली तेव्हां मधुमेह, दमा, रक्तदाब असा कोणताहि विकार नव्हता. मात्र जेवण झाल्यावर पाटावरून उठतांना त्यांना भिंतीचा आधार लागूं लागला, व पुढें भिंतीबरोबर कोणाचा तरी हातहि लागूं लागला. वयच झालें, असें म्हणून आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. एका रात्रीं पडवींत त्यांचा पाय घसरला, खुब्याचें हाड मोडलें, आणि उरलेलीं दोन वर्षें त्यांनीं अंथरुणावर काढलीं. पडले म्हणून अशक्त झाले, असें सारे म्हणत होते. वस्तुतः अशक्त झाले होते म्हणून ते पडले, हें मला फार उशिरां कळलें. त्यानंतर कांहीं दिवसांनीं शाळेंत जमिनीवर पडलेला खडू उचलून उभा राहतांना माझाच हात आपोआप गुडघ्यावर गेला. त्या क्षणीं मी चपापलों.

वाढत्या वयाबरोबर अंगावरील मांस झडतें, हें आपल्या आज्या-पणज्यांनाहि ठाऊक होतें. पण त्या झडण्यास स्वतंत्र नांव देऊन त्याचा अभ्यास करावा, ही कल्पना बरीच अलीकडची आहे. अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग ह्यांनीं १९८९ सालीं त्यास 'सार्कोपेनिआ' हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मांसाची उणीव असा होतो. आपण त्यास मांसक्षय म्हणूं. स्वीडनमधील लेक्सेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८८ सालीं, पूर्वीं निरोगी असलेल्या ४३ मृत पुरुषांच्या मांडीच्या एका स्नायूचे आडवे छेद घेऊन मोजमाप प्रसिद्ध केलें. विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत त्या स्नायूचा छेद सरासरीनें शेंकडा ४० नें घटतो, व ही घट पंचविशीच्या सुमारास हळूच सुरू होते, असें त्यांना आढळलें. मनुष्य आपण तरुण आहों ह्या समजुतींत असतो, त्याच वेळीं ही गळती लागलेली असते.

ही गळती दोन मार्गांनीं होते. स्नायु हा हजारों बारीक तंतूंचा जुडगा असतो, आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून निघणारा एकेक चेतातंतु त्यांतील एकेका गटास आज्ञा देत असतो. वय वाढतें तसे आज्ञा देणारे हे चेतातंतु कमी होतात, व त्यांच्या ताब्यांतले स्नायुतंतु पोरके होतात. कांहींना शेजारचा चेतातंतु आपल्या पदरीं घेतो. उरलेले नाहींसे होतात. हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे राहिलेले तंतु बारीक होणें. त्यांतहि चपळ हालचालींचे जे तंतु, तेच अधिक बारीक होतात. पाय घसरला असतां दुसरा पाय झट्कन् पुढें टाकून तोल सांवरण्याचें काम ह्याच तंतूंचें असल्यामुळें वृद्ध माणूस चालतो ठीक, पण घसरला कीं सांवरत नाहीं.

पहिला मार्ग पूर्णपणें बंद करणें आज तरी आपल्या हातीं नाहीं. दुसरा मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातचा आहे. बारीक झालेला तंतु कोणत्याहि वयांत पुनः जाड करतां येतो, व त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्याजोगें आहे. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांतील १० दुर्बळ स्त्रीपुरुषांना मारिआ फिआतारोने ह्या विदुषीनें पायांनीं जड वजन उचलण्याचा अभ्यास दिला. त्यांचीं वयें ८६ पासून ९६ वर्षांपर्यंत होतीं. आठ आठवडे पुरे करणाऱ्या ९ जणांचें पायांतील बळ सरासरीनें शेंकडा १७४ नें वाढलें, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झालें, आणि मांडीच्या मध्यभागीं स्नायूंचें क्षेत्रफळ शेंकडा ९ नें वाढलें. हा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या माणसास जें साधलें, तें पन्नाशीच्या माणसास कां साधूं नये?

ह्या आंकड्यांत एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. मांस वाढलें थोडें, बळ वाढलें पुष्कळ. ह्याचें कारण असें कीं, आरंभींच्या काहीं आठवड्यांत मुख्यतः चेतासंस्था शिकत असते. जे तंतु झोंपलेले होते त्यांना एकाच वेळीं जागें करण्याची हातोटी तिला येते. खरें मांस सावकाश चढतें. जड कामाचा ताण पडला कीं स्नायु पुढील एक-दोन दिवस नवीन मांसद्रव्य अधिक वेगानें रचीत राहतो. म्हणजे वाढ व्यायामाच्या वेळीं न होतां नंतरच्या विश्रांतींत होते. म्हणून त्याच त्या स्नायूंना रोज दमवूं नये, मध्यें एक दिवस तरी जाऊं द्यावा. दोन-तीन महिन्यांनीं सदऱ्याच्या बाहींत थोडा फरक जाणवला तर समाधान मानावें.

आमच्या जिल्ह्यास ह्या विषयाची परंपरा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि तरुणपणीं यूजेन सँडो ह्याच्या पद्धतीनें व्यायाम करीत. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले, त्यांचा त्यांनीं देशभर प्रसार केला, आणि १८६८ सालीं जन्मलेला हा पुरुष १९५१ पर्यंत जगला. राजेसाहेबांचा कित्ता गिरविण्याइतकी चिकाटी माझ्या अंगीं नव्हती, परंतु व्यायामास अमुकच वय लागतें असें नाहीं, हा धडा मीं त्यांच्यापासून घेतला.

माझा पहिला कार्यक्रम अगदीं साधा होता. प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घेतलें. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः जुनें दुखणें असलेल्या माणसानें हें चुकवूं नये. नंतर आठवड्यांतून तीन दिवस सकाळीं अर्धा तास ठरविला. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठणें व बसणें; भिंतीवर हात टेकून जोर काढणें, तें सोपें झाल्यावर बांकावर आणि मग जमिनीवर; पायरीवर टांचा उचलणें; वाळूची पिशवी जमिनीवरून नीट उचलून पुनः ठेवणें; आणि दोन किलोचीं डंबेल्स. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळां, अशीं दोन आवर्तनें. आणखी दोन-तीन वेळां जमलें असतें असें वाटत असतांनाच थांबावयाचें, आणि श्वास कोंडून धरावयाचा नाहीं, कारण त्यानें रक्तदाब एकदम चढतो. बळ व तोल ह्यांविषयींच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीहि याहून कठीण नाहींत. सर्व मुख्य स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यांतून निदान दोन दिवस करावा, व पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा अभ्यास निदान तीन दिवस करावा, एवढेंच त्या सांगतात. फार जड वजन उचललेंच पाहिजे असेंहि नाहीं. हलकें वजन दमेपर्यंत अधिक वेळां उचलल्यानेंहि मांस वाढतें, हें आतां पुष्कळ प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

आहाराविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. कारण विटा नसतील तर गवंडी काय करणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें असावींत असें प्रमाण दिलें आहे. पासष्टीपुढील माणसास १ ते १.२ ग्रॅम असावींत, असें तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०१३ सालीं सुचविलें. कारण वृद्ध स्नायु तेवढ्याच प्रथिनांना तरुण स्नायूइतका प्रतिसाद देत नाहीं. साठ किलोच्या माणसास हें प्रमाण ६० ते ७२ ग्रॅम होतें. आतां आपल्या ताटाकडे पहा. सकाळीं पोहे, दुपारीं भात व पातळ आमटी, रात्रीं भाकरी व पालेभाजी, ह्यांत तेवढीं प्रथिनें येत नाहींत. पेलाभर दुधांत सुमारें ८ ग्रॅम असतात, एका अंड्यांत ६, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, आणि तीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळींत सुमारें ७. मासळी खाणाऱ्यांस शंभर ग्रॅमांत १८ ते २० मिळतात. तेव्हां आमटी दाट करावी, रोज एक उसळ असावी, सकाळच्या न्याहारीस दूध किंवा अंडें असावें, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून प्रथिनें वाढवूं नयेत.

असो. सात महिने असें चाललें. भिंतीवर पांच जोरांनीं सुरुवात केलेला मी आतां जमिनीवर वीस जोर काढूं लागलों. दोन किलोंचीं डंबेल्स जाऊन पांच किलोंचीं आलीं. खडू उचलतांना हात गुडघ्यावर जाईनासा झाला. मला अभिमान वाटूं लागला, आणि येथेंच माझ्यांतील गणिताच्या मास्तरानें माझा घात केला.

दिवाळीची सुटी लागली होती. शाळा नाहीं, वेळ भरपूर. मीं मनाशीं त्रैराशिक मांडलें: सात महिन्यांत वीस जोर, तर मेहनत दुप्पट केल्यास चाळीस जोरांना किती दिवस? उत्तर सोईस्कर आलें. तीन दिवसांचे सहा दिवस केले, जोर एकदम तीसांवर व नंतर चाळीसांवर नेले, आणि पांच किलोंच्या जागीं दहा किलोंचें डंबेल डोक्यावर उचलूं लागलों. आठव्या-नवव्या दिवशीं खांद्याच्या अग्रभागीं चिमटा बसल्यासारखी कळ आली. ती दोन तासांत गेली म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं पुनः तेंच केलें. असें आठवडाभर चाललें. सुटी संपून शाळा उघडली, तेव्हां फळ्याच्या वरच्या भागावर तारीख लिहावयास उजवा हात वर जाईना. रात्रीं त्या कुशीवर निजतां येईना. सदरा अंगांत घालतांना पत्नीची मदत घ्यावी लागली. वडिलांचा हात धरून त्यांना पाटावरून उठवीत असूं, तें चित्र वारंवार डोळ्यांपुढें येऊं लागलें.

माझ्या त्रैराशिकांत चूक कोठें होती? मीं सारें शरीर एकाच प्रमाणानें वाढतें असें धरलें होतें. स्नायु हाडास थेट चिकटलेला नसतो. तो एका चिवट, पांढऱ्या दोरीनें बांधलेला असतो. ह्या दोरीस कंडरा म्हणतात. स्नायूस रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तो लौकर सुधारतो. कंडरेस तो तुटपुंजा, म्हणून तिची गति मंद. ती किती मंद असावी? अणुबाँबच्या चाचण्यांमुळें १९५५ ते १९६३ ह्या काळांत हवेंतील एका विशिष्ट जातीच्या कार्बनचें प्रमाण फार वाढलें होतें. त्याच खुणेचा उपयोग करून डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, टांचेच्या वरच्या मोठ्या कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो व पुढें तो जवळजवळ बदलत नाहीं. म्हणजे पन्नाशींतला मनुष्य नवे स्नायु जुन्याच दोऱ्यांना जोडीत असतो. ह्या दोऱ्या योग्य ताणानें अधिक ताठ व कणखर होतात खऱ्या, पण त्यांस महिन्यांमागून महिने लागतात. स्नायु 'मी तयार आहें' असें म्हणतो, तेव्हां कंडरा तयार असतेच असें नाहीं. आणि मध्यमवयांत अंगास होणाऱ्या पुष्कळशा दुखापती ह्याच अंतरांतून निर्माण होतात.

खांद्याची रचनाहि नाजूक आहे. बशींत ठेवलेल्या चेंडूप्रमाणें दंडाच्या हाडाचें गोल टोंक एका उथळ खोबणींत बसविलेलें असतें. हात सर्व बाजूंनीं फिरावा म्हणून निसर्गानें ही योजना केली, आणि चेंडू घसरूं नये म्हणून त्याच्या भोंवतीं चार लहान स्नायु बसविले. त्यांतील सर्वांत वरच्याची कंडरा हाडाच्या एका छताखालून जाते, आणि हात डोक्यावर नेण्याच्या कामांत तिच्यावर विशेष भार येतो. दहा किलोंचें डंबेल मीं ह्याच अशक्त गड्याच्या माथीं मारलें होतें.

पहिली चूक अतिरेकाची झाली. दुसरी त्याच्या उलट दिशेची. शेजारीपाजारी, नातलग, शाळेंतील सहकारी, सर्वांचा सल्ला एकच पडला: हात मुळींच हलवूं नका. मीं हात गळ्यांत झोळी बांधून ठेवला व तेल चोळीत सहा आठवडे काढले. परिणाम असा झाला कीं, दुखणें थोडें कमी झालें, पण खांदा आंखडला, दंड बारीक झाला, आणि झोळी सोडून हात वर करूं गेलों तों कळ पूर्वीचीच. शिवाय ह्या काळांत बाकीचाहि व्यायाम मीं सोडून दिला होता. उजवा खांदा दुखतो म्हणून पायांनीं कां बसून राहावें, हा साधा प्रश्न मला सुचला नाहीं.

शेवटीं साताऱ्यास एका हाडांच्या डॉक्टरांनीं तपासून, कंडरा पूर्ण तुटलेली नाहीं असें सांगितलें व व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठविलें. बाई वयानें माझ्या मुलीएवढ्या. त्यांनीं माझी सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "गुरुजी, एखादा मुलगा गणितांत नापास झाला, तर तुम्ही त्याचें गणित बंद करतां कीं त्याला खालच्या इयत्तेचीं उदाहरणें घालतां?" मला उत्तर देण्याची गरजच उरली नाहीं.

त्यांची पद्धत थोडक्यांत सांगतों. पहिले दोन आठवडे हात न हलवितां नुसता जोर लावावयाचा. कोपर वांकवून मूठ भिंतीस टेकावयाची व भिंत ढकलावयाची. भिंत हलत नाहीं, पण स्नायु व कंडरा ह्यांना काम मिळतें. अशा एका ढकलण्यास अर्धा ते पाऊण मिनिट, व असें चार-पांच वेळां. त्यानंतर अर्धा किलो वजन घेऊन हात खांद्याच्या पातळीखालींच उचलावयाचा व फार सावकाश खालीं आणावयाचा. मग एक किलो. खांद्याच्या पातळीवर जाण्यास तीन महिने लागले, डोक्यावर जाण्यास सहा.

दुखण्याविषयींचा त्यांचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटला. दुखण्यास शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे. व्यायाम करतांना तीन गुणांपर्यंत दुखलें तर हरकत नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें आदल्या सकाळच्या पातळीवर आलेलें असलें पाहिजे. आलें असेल तर भार योग्य होता. नसेल तर अधिक झाला, तो कमी करावा, पण अजिबात थांबूं नये. मीं एक वही घातली व तींत रोज तारीख, वजन, आवर्तनें आणि दुखण्याचे गुण लिहूं लागलों. ती वही चाळतांना आज दिसतें कीं, सुधारणा सरळ रेषेंत कधींच झाली नाहीं. दोन आठवडे पुढें, एक आठवडा मागें, अशीच ती चालली. वही नसती तर प्रत्येक मागच्या आठवड्यास मीं निराश होऊन सर्व सोडून दिलें असतें.

भार देऊनच दुखापत सुधारावी, हा विचार नवा नाहीं. अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर टॉमस डिलॉर्म ह्यांनीं १९४५ सालीं, गुडघे दुखावलेल्या सैनिकांना क्रमाक्रमानें वाढत जाणारीं जड वजनें उचलावयास लावून त्यांचें बळ परत आणल्याची हकीकत प्रसिद्ध केली. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन ह्यांनीं १९९८ सालीं टांचेच्या कंडरेचें जुनाट दुखणें असलेल्या १५ धांवपटूंना बारा आठवडे पायरीवरून टांच सावकाश खालीं सोडण्याचा अभ्यास दिला, आणि ते सर्व पुनः धांवूं लागले. ताज्या दुखापतीवर बर्फ व विश्रांति ह्यांचा जो प्रसिद्ध उपाय आहे, तो १९७८ सालीं लोकप्रिय करणारे गेब मर्किन ह्यांनींच २०१४ सालीं लिहिलें कीं, बर्फ व पूर्ण विश्रांति ह्यांनीं बरें होण्यास उलट विलंब लागूं शकतो. पहिले दोन-चार दिवस दुखऱ्या भागास जपावें. पुढें सहन होईल तेवढें हलवूं लागावें.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या बाईंनीं मला डाव्या हाताचा व्यायाम पूर्ण जोमानें करावयास सांगितलें. मला वाटलें, केवळ समाधानासाठीं सांगत असाव्यात. पण एका हातास शिक्षण दिलें असतां दुसऱ्या, न शिकविलेल्या हाताचेंहि बळ कांहीं अंशीं वाढतें, हें येल विद्यापीठांतील स्क्रिप्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८९४ सालींच दाखविलें होतें. एक अवयव दुखावला असतां बाकीचे तीन बसवून ठेवणें हें ह्या दृष्टीनेंहि नुकसानीचें आहे.

छायाचित्रें काढून घेणारांस एक सूचना करावीशी वाटते. न दुखणाऱ्या ९६ लोकांच्या खांद्यांचीं चुंबकीय छायाचित्रें काढून १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, साठीपुढील लोकांपैकीं शेंकडा ५४ जणांच्या कंडरेंत लहानमोठी चीर आढळली. आणि त्यांना कसलीच तक्रार नव्हती. केस पांढरे होतात, तशाच कंडराहि विरतात. अहवालांत 'चीर' हा शब्द वाचून गर्भगळीत होण्याचें कारण नाहीं. हात काय करूं शकतो, हें त्या चित्राइतकेंच महत्त्वाचें आहे.

मात्र कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं, त्यांत वहीचा किंवा धीराचा उपयोग नाहीं, तत्काळ डॉक्टरच गांठला पाहिजे. व्यायाम करतांना तट्कन् आवाज होऊन अवयव लुळा पडला. सांधा जागचा सरकल्यासारखा दिसला. दुखऱ्या भागाखालीं बधिरपणा आला. ताप येऊन सांधा लाल व गरम झाला. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली. किंवा छातींत दडपण येऊन दुखणें डाव्या दंडांत वा जबड्यांत उतरलें, तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. हें शेवटचें लक्षण अंगावर काढून कित्येक भलीं माणसें प्राणांस मुकलीं आहेत.

माझा खांदा अकराव्या महिन्यांत पूर्ववत् झाला. त्यानंतर जोर पुनः पांचांपासून सुरू केले. आतां माझा नियम असा आहे कीं, एखादें वजन तीन आठवडे सुखानें उचलतां आल्यावांचून तें वाढवावयाचें नाहीं, वाढवितांना दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवावयाचें नाहीं, आणि एका वेळीं एकच गोष्ट वाढवावयाची. वजन तरी, आवर्तनें तरी, दिवस तरी. आजारपण, प्रवास किंवा लग्नसराई ह्यांमुळें खंड पडला, तर जेथें सोडलें तेथून प्रारंभ न करतां दोन पायऱ्या खालीं उतरून प्रारंभ करावयाचा. सुटींत विशेष कांहीं करावयाचें नाहीं. ह्या हिशेबानें चाळीस जोर होण्यास मला पुढें दोन वर्षें लागलीं. त्यावेळीं तें फार सावकाश वाटलें. पण गेल्या बारा वर्षांत खांद्यानें पुनः तक्रार केलेली नाहीं.

श्रोतेहो, पन्नाशींत व्यायाम आरंभणाऱ्या माणसास लोक हंसतात, व त्यास दुखापत झाली म्हणजे अधिकच हंसतात. 'ह्या वयांत कशाला हा उद्योग,' हें वाक्य मलाहि पुष्कळांनीं ऐकविलें. त्यांना माझें उत्तर एवढेंच कीं, वडिलांच्याच वयाकडे मी हळूहळू जात आहें, आणि घरांत अजून पाटावर बसून जेवण्याची पद्धत आम्हीं मोडलेली नाहीं. आज दुपारीं जेवण झाल्यावर मी भिंतीस हात न लावतां उठलों. आपणांपैकीं जे चाळिशी-पन्नाशींत असतील, त्यांनीं आज घरीं गेल्यावर जमिनीवर बसून, कोठेंहि हात न टेकतां उठून पहावें. सहज उठतां आलें तर उत्तमच. न आलें, तर उद्यां सकाळीं खुर्चीपासून प्रारंभ करावा.